फेब्रुवारीत शिकलेलं जुलैत का पुरलं नाही?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ते थोडं आटोपतं करून देते.

"आमची थोडी काजूची बागायत आणि घरामागं पोफळींचं लहानसं कुळागर आहे. गेल्या फेब्रुवारीत मी मधमाशीपालनाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. आम्ही चाळीसजण होतो. दुसऱ्या दिवशी पेटी उघडून राणी दाखवली, संध्याकाळी प्रमाणपत्रं दिली. मी सवलतीत चार पेट्या घेतल्या. मे महिन्यात चारही मिळून दीड किलो मध निघाला, घरात सगळे खूश. जून संपताना एक पेटी एका सकाळी रिकामी दिसली. जुलैत दुसरी गेली. तिसरीत जाळं आणि अळ्या झाल्या. चौथीत माश्या आहेत, पण मूठभर. शिकवणाऱ्यांना फोन केला तर म्हणाले, पावसात असं होतंच. माझं काय चुकलं? आता पाच दिवसांचं नवीन प्रशिक्षण निघालं आहे, त्याला जाऊ का? घरचे म्हणतात, पेट्या विकून टाक. एकजण म्हणतो, आपली देशी सातेरी माशी पळायचीच, तू मोठी विलायती आण."

ताई, तुमची चौथी पेटी अजून नांदती आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते. बाकीचं निवांत वाचलंत तरी चालेल.

पाऊस उघडला, ऊन पडलं आणि माश्या दारातून ये-जा करताना दिसल्या की अकराच्या सुमारास पेटी उघडा. रिपरिप चालू असताना झाकणाला हात लावू नका. धूर अगदी थोडा द्या. पोळं बांधलेली मधली चौकट उचला आणि ऊन तुमच्या खांद्यावरून पोळ्याच्या घरांच्या तळाशी पडेल अशी धरा. राणी शोधत बसू नका, मूठभर माश्यांना तेवढा वेळ उघड्यावर ठेवणं बरं नाही. अंडी शोधा. घराच्या तळाशी मधोमध, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, पांढरी काडी उभी दिसली की राणी आहे असं समजा. अंड्यातून तीन दिवसांत अळी निघते. म्हणजे अंडं दिसलं तर गेल्या तीन दिवसांत राणी तिथं फिरून गेली आहे. एका घरात दोन-दोन, तीन-तीन अंडी आणि तीही भिंतींना चिकटलेली दिसली, तर मात्र राणी नाही. कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत आणि त्यातून फक्त नर निघतात. तसं असेल तर त्या पेटीवर आणखी साखर खर्च करू नका.

अंडी दिसली तर पुढचं काम लगेच उरका. ज्या पोळ्यांवर माश्या बसलेल्या नाहीत ती सगळी बाहेर काढा. याला मन धजत नाही, बांधलेलं पोळं टाकायचं कसं असं वाटतं. पण माश्यांनी न झाकलेलं पोळं म्हणजे मेण पतंगाला दिलेलं आमंत्रण. तुमच्या तिसऱ्या पेटीत तेच झालं. काढलेली पोळी तशीच पडवीत ठेवू नका, त्याच दिवशी वितळवून मेण करा. उरलेल्या दोन-तीन पोळ्यांच्या बाजूला एक पातळ फळी उभी करा, म्हणजे मूठभर माश्यांना मूठभरच जागा राहील आणि ती त्यांना उबदार ठेवता येईल. दार दोन माश्या जेमतेम जातील एवढं बारीक करा. तळाची फळी दर आठवड्याला खरवडून पुसा. तिच्यावर मिरीच्या भुकटीसारखे काळे कण दिसले की पतंगाच्या अळ्या वर कुठंतरी आहेत.

मग खाणं. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, विरघळवून पूर्ण थंड केलेलं. नारळाच्या करवंटीत हा पाक घाला, वर सुक्या काड्या टाका म्हणजे माश्या बुडणार नाहीत, आणि करवंटी पेटीच्या आत, चौकटींच्या वर ठेवा. द्यायचा तो संध्याकाळी, काळोख पडताना. थेंबही बाहेर सांडू देऊ नका, नाहीतर मुंग्या येतात आणि दुसऱ्या माश्या लुटायला येतात. गूळ देऊ नका, त्यानं माश्यांना हगवण लागते. सुरुवातीला दिवसाआड, मग पोळ्याच्या वरच्या कडेला साठा दिसू लागला की आठवड्यातून एकदा.

आणि पेटी कुळागरात ठेवली असेल तर बाहेर काढा. एप्रिलमध्ये पोफळींच्या सावलीतला गारवा माश्यांना मानवतो, पण जुलैत तिथं दिवसभर टपटप चालू असते आणि ऊन पोचतच नाही. घराच्या पूर्वेकडच्या वळचणीला, सकाळचं कोवळं ऊन दारावर पडेल आणि पश्चिमेचा वारा-पाऊस पाठीवर झेलला जाईल अशी ठेवा. एकदम शंभर पावलं हलवली तर माश्या जुन्या जागी परततात, म्हणून रोज हातभर सरकवा. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असतीलच. नसतील तर आजच ठेवा.

आता तुमचा प्रश्न. चुकलं काय?

तुम्ही लिहिलं आहे, चार पेट्यांतून दीड किलो मध. माझं लक्ष तिथंच अडकलं. चार पेट्यांची मधघरं, म्हणजे पेटीचे वरचे मजले, भरली असती तर मध याहून कितीतरी जास्त निघाला असता. इतका कमी, म्हणजे वरची मधघरं भरलीच नव्हती. मग हा मध आला कुठून? बहुतेक खालच्या पोळ्यांच्या वरच्या कडेचा. पिल्लांच्या डोक्यावर मधाची जी पट्टी असते ती आपली नसते, ती त्यांची पावसाळ्याची बेगमी. आपण गणपतीच्या चवथीपर्यंतचे तांदूळ, सुकी मासळी, पापड मे महिन्यात भरून ठेवतो, तसंच ते. ते काढून घेतलं आणि जूनमध्ये पाक दिला नाही, तर सातेरी घर सोडणारच.

ही चूक तुमच्या हातून झाली, हे खरं. पण ती चूक आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? मध काढायचा तो वरच्या मजल्याचाच, तोही निम्म्याहून बरीच जास्त घरं मेणानं बंद झाल्यावर, हे तुमच्या दोन दिवसांत कधी आलं? आलं असेल तरी फळ्यावर एका ओळीत आलं असेल. मला शिकवणाऱ्यांना दोष द्यायचा नाही. धूर कसा द्यावा, चौकट कशी धरावी, डंख लागला तर चोळायचा नाही, खरवडून काढायचा, हे सगळं दोन दिवसांत नीट शिकवता येतं आणि बहुतेक ठिकाणी नीट शिकवतात. माशीची भीती जाते, ही लहान गोष्ट नाही. पण आपल्याकडची बहुतेक प्रशिक्षणं पाऊस संपल्यानंतर आणि सुरू होण्याआधी होतात. फेब्रुवारीत काजू फुललेला असतो, पाठोपाठ करंज, जांभूळ येतात. तेव्हा कुठलीही पेटी उघडा, माश्यांनी भरलेली असते. त्या दिवसांत वसाहत आपल्या दहा चुका पोटात घालते. शिकणाऱ्याला वाटतं, पेटी अशीच असते. सातेरी जगते की जाते हे मात्र जून ते सप्टेंबरमध्ये ठरतं, आणि त्या चार महिन्यांत वर्गही नसतो आणि शिकवणाराही जवळ नसतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. माशीपालनाच्या प्रशिक्षणाची कसोटी माझ्या मते एकच, ते जुलैबद्दल किती शिकवतं.

माझी स्वतःची पहिली पेटी अशीच गेली. मी तीन दिवस शिकले होते, तेही मार्चमध्ये. जुलैत एका उघडिपीला झाकण काढलं तर आधी बुरशीचा वास आला. मग दिसलं की पोळ्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरले आहेत आणि त्यांच्या बोगद्यांतून अळ्या पुढं-मागं सरकताहेत. एका कोपऱ्यात वीस-पंचवीस माश्या एकमेकींना बिलगून बसल्या होत्या आणि त्यांच्यात राणी चालत होती, बारीक झालेली. ती राणी मला अजून दिसते. जिथं शिकले तिथं फोन केला, तर पुढच्या वर्षी पुन्हा नाव नोंदवा म्हणाले. त्या दिवशी मला नाव नोंदवायचं नव्हतं, मला कुणीतरी माझ्या अंगणात यायला हवं होतं.

तसा माणूस मला पुढच्या वर्षी मिळाला. फोंडा तालुक्यातल्या एका कुळागरात वयस्कर काका पेट्या ठेवायचे, त्यांनी कुठलंच प्रशिक्षण घेतलं नव्हतं. ते पेटी उघडायच्या आधी तिला मागून बोटभर उचलून बघायचे. वजनावरून सांगायचे, हिच्याकडे खायला आहे, हिच्याकडे नाही. मग बाजूला कान लावून बोटानं टकटक करायचे. आतून एकदम सळसळ उठून लगेच शांत झाली तर म्हणायचे, राणी आहे, झाकण काढायचं कारण नाही. कण्हल्यासारखा आवाज लांबत राहिला तर चेहरा पडायचा. पावसाळ्यात पेटी न उघडता वाचता येते, हे मी त्यांच्याकडून शिकले. चाळीस जणांच्या वर्गात हे शिकवता येत नाही, कारण चाळीस कान एका पेटीला लागत नाहीत.

तुमच्या पहिल्या दोन पेट्यांबद्दल आणखी एक. त्या एका रात्रीत गेल्या असं तुम्हाला वाटतं, पण सातेरी उठून असं जात नाही. थवा फुटणं वेगळं आणि घर सोडणं वेगळं. थवा फुटतो तेव्हा जुनी राणी अर्ध्याअधिक माश्या घेऊन जाते आणि मागं पिल्लं, मध, नव्या राणीची घरं राहतात. ते भरभराटीचं लक्षण. घर सोडतात तेव्हा सगळ्याच जातात, आणि त्याची तयारी दोन-तीन आठवडे चाललेली असते. राणी अंडी घालणं थांबवते, असलेली पिल्लं बाहेर पडेपर्यंत वाट बघतात, उरलासुरला मध पोटात भरून घेतात आणि मग एका उघडिपीला निघतात. दारावर बसून बघितलं तर आधी कळतं, पायांना परागाचे पिवळे गोळे लावून येणाऱ्या माश्या कमी होतात, मग बंदच. पिल्लं नसली की पराग कुणाला भरवायचा? जूनच्या मध्यात हे दिसलं असतं आणि चार-पाच वाट्या पाक आत गेला असता, तर कदाचित त्या राहिल्या असत्या. कदाचित म्हणते, कारण कधीकधी सगळं करूनही जातात.

नव्या प्रशिक्षणाला जावं का? जा, पण नाव नोंदवायच्या आधी थोडी विचारपूस करा. यात भिडस्तपणा नको. एका पेटीमागं किती शिकणारे, आणि प्रत्येकाच्या हातात चौकट येणार का, हे विचारा. पाच-सहा जणांमागं एक पेटी असेल तर उत्तम, वीस जणांमागं एक असेल तर ते व्याख्यान, प्रशिक्षण नव्हे. शिकवणाऱ्याच्या स्वतःच्या पेट्या आहेत का आणि त्या गोव्यातच आहेत का? घाटावर सातेरी सांभाळणारा माणूस मोठा जाणकार असेल, पण आपल्या दमट किनाऱ्यावरचा जुलै त्यानं काढलेला नसेल. पाच दिवस सलग आहेत की वर्षभरात विभागलेले? मला विचाराल तर तेच पाच दिवस एक ऑक्टोबरात, एक डिसेंबरात, एक मार्चमध्ये, एक जूनच्या सुरुवातीला आणि एक भर पावसात असे घेतले तर शिकणाऱ्याच्या पेट्या वाचतील. मी हे जिथं संधी मिळते तिथं सांगत आले आहे. जुन्या गोव्यात आणि मडगावला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तालुक्यांत विभागीय कृषी कार्यालयं आहेत. शिकून गेलेल्यांनी दोन-चार जण मिळून लेखी मागणी केली तर पावसाळ्यातला एक दिवस मिळणं अशक्य नाही. तुम्ही करा, माझीही सही घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वसाहती कुठून आणतात ते विचारा. हे मी उगीच धरून बसत नाही. १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूनं सातेरीच्या नव्वद टक्क्यांहून जास्त वसाहती संपवल्या. त्यात अळी पिशवीसारखी फुगते, आत पाणी होतं आणि डोकं होडीच्या नाळेसारखं वर उचललेलं दिसतं. यावर औषध नाही. रोगी वसाहत गाडीत घालून दूरच्या गावी नेली की रोगही तिथं पोचतो. म्हणून मला आपल्याच तालुक्यातल्या, गडग्याच्या खोबणीतून, झाडाच्या ढोलीतून किंवा सोडलेल्या वारुळातून पेटीत घेतलेल्या माश्या जास्त भरवशाच्या वाटतात. त्यांनी इथलाच पाऊस काढलेला असतो. रानातली वसाहत पिल्लांसकट न दुखवता पेटीत कशी घ्यायची, हे ज्या प्रशिक्षणात प्रत्यक्ष करून दाखवतात तिथं दोन दिवस जास्त मोडले तरी जा.

पेट्यांची संख्या हाही मुद्दा आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या खादी ग्रामोद्योग आयोगाच्या हनी मिशनमध्ये एका लाभार्थ्याला १० पेट्या माश्यांसह देतात. ज्याला उत्पन्न हवं त्याला तेवढ्या लागतातच, पण पहिल्या वर्षी दहा पेट्यांकडे बघायला डोळा तयार झालेला नसतो. दोन ठेवा. एकच ठेवली तर तुलना करता येत नाही, आणि एकीची राणी गेली तर दुसरीतली अंड्यांची चौकट देऊन नवी राणी तयार करून घेता येते. चार तुम्हाला जास्त झाल्या.

विलायती माशीचं थोडक्यात सांगते. मेलिफेरा सहजासहजी घर सोडत नाही आणि मध जास्त देते, हे खरं. पण ती वाढली आहे पंजाब-हरियाणातल्या मोहरीच्या शेतांवर, आणि मोठ्या व्यवसायात तिच्या पेट्या ट्रकात घालून फुलोऱ्यामागं फिरवतात. तुमच्याकडे ट्रक नाही, काजूची बागायत आहे. शिवाय व्हरोआ नावाचा परोपजीवी कोळी सातेरी अंगावर वागवून जगते, मेलिफेराला त्यासाठी सतत उपचार लागतात. सातेरी सांभाळता येत नाही म्हणून मेलिफेरा आणणं मला पटत नाही.

आणि काजूचंच निघालं म्हणून सांगते, कारण बऱ्याच वर्गांत हे राहून जातं. मोहोरावर रस शोषणाऱ्या ढेकण्या किडीसाठी फवारणी करत असाल, तुम्ही किंवा शेजारी, तर ती संध्याकाळी माश्या परतल्यावरच करायला सांगा आणि आदल्या दिवशी तुम्हाला कळवायला सांगा. लॅम्डा सायहॅलोथ्रिनसारखं औषध सकाळी फुलांवर पडलं तर दुपारपर्यंत पेटीसमोर माश्यांचा सडा दिसतो. पेटी ठेवण्याआधी शेजाऱ्यांशी बोलून घेणं हा माशीपालनाचा पहिला धडा असायला हवा.

महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाला २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर केलं. तिथं घरोघरी पेट्या आहेत. तिथल्या नवशिक्याला अडचण आली तर तो शेजारच्या अंगणात जाऊन विचारतो. आपल्याकडे पुढचा माशीवाला दोन गावं सोडून असतो, आणि फोनवर सांगतो, पावसात असं होतंच. तुमच्या चाळीसजणांच्या वर्गात सत्तरीतले किती होते? त्यांचे नंबर असतील तर फोन करा. त्यांच्याही पेट्या गेल्या असतील आणि त्यांनाही वाटत असेल की आपलंच चुकलं. महिन्यातून एकदा एकमेकांच्या पेट्या मिळून बघितल्या तरी खूप फरक पडेल.

म्हणून पेट्या विकू नका. तीन रिकाम्या आहेत त्या खरवडून, कडक उन्हात वाळवून, सांध्यांवरून आगीची झळ फिरवून ठेवा. त्यांतली एक नोव्हेंबरात लागेल. पाऊस सरला की चौथी पेटी वाढीला लागेल, आणि तिला काजूच्या फुलोऱ्यासाठी तयार करायचं तर घाई तेव्हाच करावी लागते. अंड्यापासून माशी व्हायला तीन आठवडे, आणि ती घरकाम संपवून फुलांवर जायला आणखी दोन-तीन. म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीला मोहोरावर बसणारी माशी नोव्हेंबरच्या अखेरीला अंडं असते. काजू फुलल्यावर पेटी वाढवायला घेतली तर वाढ होईपर्यंत मोहोर झडतो.

आता तेरडा फुलायला लागला असेल, शेतकडेला लाजाळूही असेल. उद्या सकाळी पाऊस नसेल तर नऊच्या सुमारास पेटीच्या बाजूला, दारासमोर नव्हे, पाट टाकून दहा मिनिटं बसा. पायांना परागाचे गोळे लावून किती माश्या आत जातात ते मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. असं चवथीपर्यंत रोज करा, आणि तो कागद मला पाठवा. दुसऱ्या आठवड्यातला आकडा पहिल्या आठवड्याहून मोठा असेल तर पाक किती द्यायचा आणि पुढची चौकट कधी घालायची ते कळवते. कमी होत असेल तर वाट न बघता फोन करा. रविवारी मी वाळपईला येऊ शकते.